भाऊ, तुम्हीपण पक्ष काढाच!

गेल्या मंगळवारी एका माजी तालुकाध्यक्षांकडे फ्लेक्सचे ४२,००० रुपये मागायला गेलो होतो. चहा पाजला, बिस्किटं दिली आणि म्हणाले, "अरे, ते बिल त्या पक्षाचं. तो पक्ष आता आहे कुठे?" तेव्हाच पटलं, असा बिनभांडवली धंदा दुसरा नाही. तुम्हीपण काढाच एक पक्ष.

आधी रुसा. मूळ पक्षात तुमची 'घुसमट' व्हायला हवी. खुर्ची गेली की ती आपोआप सुरू होते.

नावात 'जनता' किंवा 'स्वाभिमान' घाला.

जागांची चिंता नको, उपद्रवमूल्य बघा. कर्नाटकचे माजी मुख्यमंत्री येडियुरप्पांनी भाजप सोडून डिसेंबर २०१२ मध्ये हावेरीत कर्नाटक जनता पक्ष काढला, चिन्ह नारळ. पुढच्या निवडणुकीत आमदार आले सहा, पण भाजप घसरून ४० वर आला. जानेवारी २०१४ मध्ये स्वारी सन्मानाने घरी परत. सिनेस्टार चिरंजीवींच्या प्रजाराज्यम पक्षाचे २००९ मध्ये आंध्रात २९४ पैकी १८ आमदार आले. २०११ मध्ये पक्ष काँग्रेसात, २०१२ मध्ये स्वतः केंद्रात मंत्री. आपल्याकडे नारायण राणेंचा महाराष्ट्र स्वाभिमान पक्ष ऑक्टोबर २०१७ चा. २०१८ मध्ये राणे भाजपकडून राज्यसभेत, ऑक्टोबर २०१९ मध्ये कणकवलीत पक्ष भाजपमध्ये विलीन. दोन वर्षांत बारसं ते तेरावं.

फ्लेक्स मात्र उधारीवरच छापा. रात्री साडेअकराला फोन करा, "१० बाय २०, सकाळी सातला चौकात पाहिजे." मग डिझाईन बदला. साहेबांचा फोटो मोठा करा. अजून मोठा. मागे उगवता सूर्य. खालच्या रांगेत पासपोर्ट साइझची चौदा डोकी, एक जण रुसला की पंधरावं. प्रिंट निघाली की कळवा, जिल्हाध्यक्ष बदलला! त्या डोक्यावर नवं डोकं चिकटवायला माझा पोरगा भर पावसात शिडीवर चढला होता हो. खालून तुमचे कार्यकर्ते सांगत होते, "थोडं डावीकडे." शाईवाल्याला मी रोख मोजले, लाकडाच्या फ्रेमवाल्याला रोख मोजले. लाइट बिल कुठल्या पक्षात विलीन करू, तेवढं सांगा.

आणि विलीनीकरणाला कायद्यात दोन तृतीयांश आमदार मोजतात. शिडी धरणारे कोणी मोजत नाही. तुमच्या 'स्वाभिमाना'पायी ज्या पोरांनी सख्ख्या भावाशी बोलणं तोडलं, अंगावर केसेस घेतल्या, त्यांना तुम्ही घरी परतल्याचं मोबाईलवर कळलं. एक फोन करवला नाही तुम्हाला? त्यांच्या तारखा कोर्टात अजून चालू आहेत, वकिलाची फी ते भरतायत आणि तुम्ही तिकडे पहिल्या रांगेत हार घालून घेताय. लाज कशी वाटत नाही?

काल त्याच माजी अध्यक्षांचा फोन आला. प्रवेश सोहळ्याचा फ्लेक्स हवाय, १० बाय २०.

आधीचे ४२,००० टेबलावर ठेवा, मग बघू तुमचं डोकं कुठे बसवायचं ते.