शिक्षणहक्काची रॅली: एका अनुभवी स्वयंसेविकेचे बोल

यंदा तुम्ही शिक्षणहक्काची रॅली काढताय म्हणे. अभिनंदन. मी कॉलेजात असताना हे पुण्यकर्म सलग तीन वर्षं केलं. तिन्ही प्रमाणपत्रं लॅमिनेट करून ठेवली आहेत. तेव्हा चार गोष्टी सांगितल्या तर राग मानू नका.

सगळ्यात आधी तारीख. १० डिसेंबरचा मोह होतो. १९४८ साली त्याच दिवशी मानवी हक्कांचा जाहीरनामा मंजूर झाला, त्यातलं २६वं कलम शिक्षणाचं, म्हणजे भाषणाची सुरुवात आयतीच मिळते. पण डिसेंबरात नागपुरात रॅली काढणं म्हणजे दुसऱ्याच्या मांडवात आपलं बारसं उरकणं. हिवाळी अधिवेशनाचे दिवस ते. रस्तोरस्ती बॅरिकेड, परवानगीला हेलपाटे, आणि यशवंत स्टेडियमच्या बाजूला विनाअनुदानित शाळांचे शिक्षक पगारासाठी थंडीत सतरंजीवर बसलेले. त्यांच्यातल्या कुणी तुमचा फ्लेक्स पाहून ‘या, बसा, विषय एकच आहे’ म्हटलं तर काय कराल? विषय एक नाही हे समजावून सांगता सांगता घसा बसतो. आपला विषय शिक्षण, त्यांचा पगार. एप्रिलच्या शेवटी जगभर शिक्षणासाठी कृतिसप्ताह पाळतात, पण तो ज्यानं ठरवला तो माणूस एप्रिलात कधी नागपूरला उतरलेला नसावा. ८ सप्टेंबरला साक्षरता दिन, तर पाऊस. उरला २४ जानेवारी, आंतरराष्ट्रीय शिक्षण दिन. संयुक्त राष्ट्रांनी २०१८ मध्ये ठरवला, २०१९ पासून पाळायला घेतला. ऊन कोवळं, संत्री स्वस्त, आणि २६ तारखेसाठी पांढरे कपडे इस्त्री केलेलेच असतात. हाच घ्या.

मार्ग सोपा ठेवा. संविधान चौकातून निघायचं आणि व्हरायटी चौकात गांधीजींच्या पुतळ्यापाशी थांबायचं. किलोमीटरभर होतं. पहिली ते पाचवीची शाळा पोराच्या घरापासून किलोमीटरच्या आत असावी, असं नियमच सांगतो. पोरानं त्याहून जास्त चालू नये, तर स्वयंसेवकानं का चालावं?

भाषणात आकडे जगाचे घ्यावेत. युनेस्कोच्या हिशोबानं साधारण २७ कोटी मुलं आणि तरुण शाळेबाहेर आहेत. अफगाणिस्तानात २०२१ पासून सहावीच्या पुढे मुलींना शाळेचं दार बंद आहे. जगानं २०३०पर्यंत सगळ्यांना शिक्षण द्यायचं ठरवलंय, आणि २०३० आता पुढच्या वळणावर आहे. हे सगळं खरं आहे, झोप उडवणारं आहे. या आकड्यांचा आणखी एक गुण म्हणजे त्यातलं एकही मूल व्हरायटी चौकात आपल्याला आडवं येत नाही.

जवळचे विषय मात्र कटाक्षानं टाळा. रिंग रोडच्या कडेला बांधकामावर विटांच्या ढिगाशेजारी खेळणारी पोरं कुठून आली, कोणत्या शाळेत जातात, असल्या चौकशा नकोत. शिक्षणहक्क कायद्यानं खाजगी शाळांत गरीब-वंचित मुलांसाठी राखलेल्या २५ टक्के जागांचं तर नावच काढू नका. फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारनं नियम बदलला, की किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळेला या जागांतून सूट. जुलैत मुंबई उच्च न्यायालयानं तो बदल रद्द केला. हे तुम्ही माइकवर बोललात आणि प्रमुख पाहुणे एखाद्या खाजगी शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष निघाले, तर बुके कोण देणार आणि नाश्त्याचं बिल कोण भरणार? मलालावर बोला. मलालावर बोललं की कुणालाच लागत नाही.

आता पथनाट्य. फुटाळ्यावर संध्याकाळी सहाला करा. मागे तलाव येतो, प्रेक्षक चाट खायला आधीच आलेले असतात. गोष्ट ठरलेली आहे. धोतर नेसलेला बाप, डोक्यावर पदर घेतलेली आई, शिकायचं म्हणून रडणारी पोरगी आणि समजूत घालणारी समाजसेविका. एक नियम विसरू नका: बाप वऱ्हाडीत बोलला पाहिजे आणि समाजसेविका पुस्तकी मराठीत. ‘पोरीले शिकवून काय करतं बाप्पा, तिले तं चुलीपाशीच जा लागते’ एवढं म्हटलं की हशा हमखास. धरमपेठेतली आमची पोरं हे वाक्य इतकं झकास म्हणायची, की घरी आजी तसंच बोलते म्हणून वर्षभर लाजलेला एक मुलगाही त्या दिवशी मन मोकळं करून हसला. शेवटी बापाला चूक कळते, तो समाजसेविकेच्या पाया पडतो, टाळ्या. आपल्याकडे शिक्षण अडतं ते आईबापाला कळत नाही म्हणून, हे एकदा पक्कं झालं की बाकी कुणालाच काही करायचं उरत नाही. या प्रयोगाची खरी सोय हीच.

इथे तुम्हाला अडचण येऊ शकते. आम्हाला आली होती. तालमी चालायच्या त्या हॉलमध्ये झाडायला एक मावशी यायच्या. सातवी शिकलेल्या. कोपऱ्यात झाडू धरून त्यांनी आमचा बाप तीनदा पाहिला, एकदाही हसल्या नाहीत. फ्लेक्स आला तेव्हा आम्ही तो जमिनीवर अंथरून फोटो काढत होतो. दहा बाय चारचा, निळ्या पृथ्वीगोलाभोवती हात धरलेली मुलं आणि वर ठसठशीत अक्षरं: ‘शिक्षण: प्रत्येक बालकाचा जागतिक आधिकार’. मावशी वाकून वाचत राहिल्या. मग म्हणाल्या, “ताई, अधिकारातल्या ‘अ’ले काना नसते ना जी?”

नसतो. दुकानदार म्हणाला नवीन छापायला दोन दिवस लागतील, सर म्हणाले एवढ्यात कोण बघतंय, आणि मी मावशींना म्हटलं, “चालतं हो मावशी.”

“तुमचं चालते का जी?” त्या म्हणाल्या. कुचकेपणानं नाही, खरंच विचारत होत्या. आदल्या वर्षी त्यांनी मुलीचा २५ टक्क्यांतला अर्ज भरला होता. सोडतीत नाव लागलं. कागद तपासताना जन्मदाखल्यावर ‘ऋतुजा’ आणि आधारवर ‘रुतुजा’ निघालं. दुरुस्त करून आणा म्हणाले. चार हेलपाटे, चार दिवसांची मजुरी, आणि पाचव्यांदा गेल्या तेव्हा मुदत संपली होती. तेव्हापासून मावशी कुठलाही कागद काना-मात्रा तपासल्याशिवाय हातात धरत नाहीत. यंदा पुन्हा फॉर्म निघाले होते. नकाशावर घराची खूण चुकली की शाळेचं अंतर चुकतं, हेही त्यांना माहीत होतं. “तुमच्यापाशी लॅपटॉप आहे, तं मायी तेवढी खूण लावून देता का?”

अशा वेळी गांगरून जाऊ नका. प्रेमानं म्हणा, “मावशी, एवढी रॅली होऊ द्या, मग बसू निवांत.” रॅलीनंतर अहवाल असतो, अहवालानंतर सबमिशन, मग परीक्षा. मुदत आपोआप संपते, कुणाला नाही म्हणावं लागत नाही. फारच वाईट वाटलं तर इतिहास आठवा. सक्तीचं प्राथमिक शिक्षण द्या, ही मागणी जोतीराव फुल्यांनी इंग्रज सरकारच्या शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे १८८२ मध्ये मांडली. देशात तसा कायदा लागू झाला १ एप्रिल २०१०ला. एवढ्या मोठ्या माणसाचा अर्ज १२८ वर्षं टेबलावर राहिला, मावशींची तर दोनच झाली.

रॅलीच्या दिवशी फोटो जिओटॅगचे काढा. साधा फोटो नॅकच्या, म्हणजे कॉलेजांना श्रेणी देणाऱ्या संस्थेच्या, फायलीत चालत नाही. अक्षांश-रेखांश दिसले पाहिजेत. आमच्या पोरांनी पंधरा मिनिटांत साठ फोटोंवर संविधान चौकाची खूण बिनचूक उमटवली होती. घोषणा लहान ठेवा, नाहीतर मेट्रोच्या पुलाखाली नुसता घुमारा ऐकू येतो. तर्रीपोहे रॅलीनंतरच द्या. आधी दिले की अर्धी पोरं पोह्यांपाशीच राहतात.

राहिला फ्लेक्स. तो टाकू नका, कुणाच्या तरी उपयोगी पडतो. आमचा मावशींनी मागून नेला. उन्हाळ्यात टिन तापतं म्हणून त्यांच्या नवऱ्यानं तो छताखाली खालच्या अंगानं ताणून बांधला, छापील बाजू खाली. जुलैत त्या भेटल्या, तेव्हा सांगत होत्या की पोरगी आता महापालिकेच्या शाळेत जाते आणि रात्री खाटेवर पडल्या पडल्या वरचं सगळं वाचते. पृथ्वी, मुलं, प्रायोजकाचं नाव, सगळं. फक्त पाटीवर अधिकार लिहिताना दर वेळी काना देते.

“मी पुसतो, तं ते म्हणते वर तसंच लिवलं आहे,” मावशी म्हणाल्या. “आता कोनाचं खरं सांगू तिले?”

अहवालात शेवटी ‘प्रत्यक्ष लाभार्थी’ असा रकाना असतो, तो कोरा सोडू नका. आमच्याकडे हिशोबानं एक भरत होता. सरांनी त्यापुढे दोन शून्यं दिली.