दुनळी बंदुकीच्या लाकडी दस्त्यावरील पितळी जडावाबद्दल दुकानाचं उत्तर

दादा, रामराम. दोन स्टार देऊन तुम्ही लिहिलेलं सगळं वाचलं. रंग काळा सांगितला होता, दस्ता तपकिरीच राहिला, पितळी फुलं बोटाला लागतात, एका फुलाभोवती हिरवी कड आली, काम लांबलं. शेवटी उदगीरच्या पाहुण्यांकडच्या बिदरीच्या सुरईचा दाखला दिलात, की काळ्यावर चांदी कशी उठून दिसते. तिथूनच बोलतो.

बिदरीत धातूत धातू बसवतात. जस्त-तांब्याचं भांडं, त्यात चांदी. शेवटी बिदरच्या किल्ल्यातली माती आणि नवसागर यांचा लेप दिला की भांड्याचं अंग काळं पडतं, चांदी पांढरीच राहते. लाकडाचं तसं नाही. तुमचा दस्ता अक्रोडाचा. अक्रोडाचं लाकूड काळं करायची जुनी रीत म्हणजे लोखंडाचा गंज आंबट पाण्यात मुरवून लावायचा. लाकडातल्या टॅनिन या तुरट द्रव्याशी मिळून तो काळा होतो. पण तेच आंबट पाणी पितळेला खातं. फुलं काढून रंगवायचं म्हटलं, तर तुमच्या आजोबांच्या दस्त्यावर ती बारीक खिळ्यांनी ठोकलेली आहेत. उपटली की खाचांच्या कडा तुटतात आणि मग फूल पुन्हा तसं बसत नाही. म्हणून फुलांवर आधी लाखेचा पातळ हात दिला आणि बारीक ब्रशने कडेकडेने पाण्यातला रंग लावला. स्पिरिटमधला रंग लाखच विरघळवतो, तो इथे चालत नाही. पॉलिश पेपरसुद्धा फुलांजवळ नेला नाही. पितळेचा भुगा लाकडाच्या छिद्रांत बसला की पुढे डाग उठतात. स्टील वूल तर अक्रोडावर मी वापरतच नाही. त्याचे कण अडकले आणि ओल लागली की निळे-काळे ठिपके पडतात. तुम्हाला हवा तेवढा काळा रंग या फुलांना धक्का न लावता येत नव्हता, आणि मला फुलं जास्त मोलाची वाटली. आजही वाटतात.

फुलं वर आल्यासारखी लागतात, कारण हा मे महिना आहे. आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर गेला की लाकूड रेषांच्या आडवं आकसतं. पितळ तेवढंच राहतं. आत्ता घासून सपाट केली तर पावसाळ्यात लाकूड फुगेल आणि फुलं खोल जातील. तेव्हा घाई करू नका.

हिरव्या कडेबद्दल: तुम्ही घरी खोबरेल चोळल्याचं लिहिलंय. जिव्हाळ्यानेच चोळलं असणार, पण खोबरेल वाळत नाही. ते फुलाच्या कडेला साचतं आणि त्यातली आम्लं पितळेतल्या तांब्याशी मिळून हिरवा थर धरतात. सध्या कोरड्या सुती फडक्याने पुसा. समईसारखं चिंच किंवा लिंबू लावू नका, ते लाकडात उतरतं. आम्ही डबल बॉईल्ड, म्हणजे लवकर वाळावं म्हणून तयार केलेलं, जवसाचं तेल वापरतो. ते हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. कुणी घरी लावत असेल तर एक सांगणं आहे: तेलाचं फडकं चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं. दोरीवर पसरून वाळवा.

वेळ लागला तो याच तेलामुळे. पातळ हात, जास्तीचं पुसायचं, पूर्ण वाळल्यावर पुढचा हात. दमट हवेत आणखी थांबावं लागतं. दस्ता घेतानाच हे सांगितलं होतं. मेलामाईनचं कडक पॉलिश मारून चकचकीत दस्ता लवकर देता आला असता, पण लाकूड हललं की तो थर फुलांच्या कडेलाच तडकतो.

पोळा झाला की घेऊन या. तेव्हाही कड बोटाला लागली तर फूल बसवून देईन आणि हिरवं पडलेलंही साफ करीन, मजुरी घेणार नाही. येताना नळ्या रिकाम्या असल्याची खात्री करा आणि परवाना सोबत ठेवा. आमच्याकडे दुरुस्तीचा परवाना असला तरी तुमचा पाहिल्याशिवाय बंदूक आत घेता येत नाही.