उसनं गाऱ्हाणं : महाराष्ट्राच्या ४८ जागा

सोसायटीचा ग्रुप, शाळेच्या बॅचचा ग्रुप आणि भावकीचा ग्रुप अशा तीन वाटांनी एकच मजकूर आला की उत्तर देणं भाग पडतं. मजकूर थोडक्यात असा : ‘१९६०पासून लोकसभेत महाराष्ट्राच्या जागा ४८च. उत्तर प्रदेशाच्या मात्र वाढतच गेल्या. आपण कुटुंब नियोजन केलं, त्याची शिक्षा म्हणून आता मतदारसंघांच्या फेररचनेत तामिळनाडूसारख्या आपल्याही जागा कापणार. आकडा गोठलेला राहण्यातच आपलं भलं आहे. आणि कर सर्वांत जास्त आपण भरतो, तर जागाही जास्त हव्यात.’ खाली नेहमीचं, मराठी माणसा जागा हो.

पहिलं वाक्यच चुकलंय. १९५७ साली विशाल द्विभाषिक मुंबई राज्याला लोकसभेच्या ६६ जागा होत्या. राज्य दुभंगलं तेव्हा त्यांतल्या २२ गुजरातकडे गेल्या, ४४ आपल्याकडे राहिल्या. १९६२ची निवडणूक या ४४ जागांवर झाली. १९६७ला त्या ४५ झाल्या, आणि १९७१च्या जनगणनेवरून फेररचना झाल्यावर १९७७पासून ४८. म्हणजे ‘४८’ला जनता पक्षाच्या लाटेइतकीच वर्षं झालीत, संयुक्त महाराष्ट्राइतकी नाही.

उत्तर प्रदेशाचं तर उलटंच आहे. पहिल्या निवडणुकीत ८६ जागा, १९६७ला ८५, उत्तराखंड वेगळा झाल्यावर ८०. यात वाढ कुठे दिसते ते मजकूर लिहिणाऱ्याने दाखवावं. जागा खरोखर गेल्या त्या मद्रास राज्याच्या, म्हणजे आजच्या तामिळनाडूच्या : १९६२ला ४१, १९६७ला ३९. तामिळनाडूच्या धास्तीला निदान इतिहास तरी आहे.

आता मुख्य मुद्दा, शिक्षेचा. १९७६ साली, आणीबाणीत, ४२व्या घटनादुरुस्तीने राज्यांच्या जागा १९७१च्या लोकसंख्येवर गोठवल्या. लोकसंख्या आवरणाऱ्या राज्याला त्याचा फटका बसू नये, हा त्यामागचा विचार. ती मुदत २००१ला संपत आली तेव्हा ८४व्या दुरुस्तीने २०२६नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत वाढवून ठेवली. दक्षिणेच्या राज्यांना याचा आधार वाटतो ते समजण्यासारखं आहे. १९७१ला देशातले साधारण साडेसात टक्के लोक तामिळनाडूत होते, २०११ला सहाच्या आसपास.

महाराष्ट्राचं काय? १९७१ला ५.०४ कोटी, देशाच्या ९.२ टक्के. २०११ला ११.२४ कोटी, देशाच्या ९.३ टक्के. चाळीस वर्षांत आपला वाटा घटला नाही, चिमूटभर वाढलाच. आणि लोकसभेतला वाटा? ५४३मध्ये ४८, म्हणजे ८.८ टक्के. छोट्या राज्यांना आणि केंद्रशासित प्रदेशांना लोकसंख्येच्या मानाने जास्त जागा मिळतात, त्यामुळे मोठ्या राज्यांचा टक्का थोडा मारला जातोच. तरी नुसता त्रैराशिकाचा हिशोब केला तर २०११च्या आकड्यांवर आपल्या वाट्याला ५०च्या आसपास जागा येतात.

हेच खासदारामागच्या डोक्यांवरून पाहा. १९७१ची लोकसंख्या आणि १९७७पासूनच्या जागा धरल्या तर महाराष्ट्रात एका खासदारामागे साडेदहा लाख लोक होते, तामिळनाडूतही तेवढेच. २०११ला तामिळनाडूत साडेअठरा लाख, केरळात पावणेसतरा लाख, महाराष्ट्रात २३.४ लाख. उत्तर प्रदेशात २५, राजस्थानात २७ लाखांच्या वर. देशाची सरासरी सव्वाबावीस लाखांची. म्हणजे आपण सरासरीच्या वर आहोत, गोठवणुकीने ज्यांचं मत किंचित हलकं झालं त्यांच्या रांगेत. गोठवणुकीने आपल्याला राखलं, हे म्हणणं आकड्यांत बसत नाही. पुढच्या मोजणीत टक्का थोडा खालीवर होईल, पण तामिळनाडूची घसरण आपल्या गळ्यात बांधायला काही आधार दिसत नाही.

मग कुटुंब नियोजन? ते मात्र खरं आहे, आणि मजकुरातली एवढीच ओळ मी खोडणार नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्राचा जननदर, म्हणजे एका बाईमागची सरासरी मुलं, १.७ निघाला, तामिळनाडूच्या १.८पेक्षाही कमी. पाळणे कमी हलले तरी वाटा टिकला, कारण माणसं बाहेरून आली. जनगणना माणूस राहतो तिथे मोजते, त्याचं मूळ गाव विचारून त्याला परत पाठवत नाही. बिहार-उत्तर प्रदेशातून भिवंडीला आलेला यंत्रमाग कामगार महाराष्ट्राच्या लोकसंख्येत धरला जातो, तिकडच्या नाही. ज्या ग्रुपवर हा मजकूर फिरतो त्याच ग्रुपवर परप्रांतीयांबद्दल काय काय फिरतं ते आठवलं की हसू आवरत नाही.

कराचा मुद्दा एका परिच्छेदात संपतो. घटनेचं ८१वं कलम राज्यांना जागा देताना लोकसंख्या बघतं, तिजोरी नाही. मुंबईत भरलेला बराचसा प्राप्तिकर देशभर धंदा करणाऱ्या कंपन्यांचा असतो, मुख्यालय इथे म्हणून तो इथे मोजला जातो. आणि मालमत्ता नि कर पाहून मताचा हक्क देण्याची पद्धत इंग्रजांच्या राज्यात होतीच. ती आपणच १९५०ला टाकून दिली.

तर दिल्लीने आपलं काय नेलं हे शोधत बसण्यापेक्षा राज्यात काय घडलं ते बघायला हवं होतं. २००८ला २००१च्या जनगणनेवरून मतदारसंघांच्या हद्दी बदलल्या. राज्याचा आकडा ४८च राहिला, पण आतली वाटणी पार हलली. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात (पालघर त्यातच होतं) ठाणे आणि डहाणू असे दोन मतदारसंघ होते, त्यांचे ठाणे, कल्याण, भिवंडी आणि पालघर असे चार झाले. पुणे जिल्ह्याच्या बाजूला मावळ नवा आला. हे कुठून आलं? विदर्भाचे ११ होते, १० झाले. विधानसभेतही विदर्भ ६६वरून ६२वर आला. साताऱ्याच्या जोडीचा कराड मतदारसंघ गेला. पण मजकुरात विदर्भाचा वि नाही, कारण तिथे बोट दाखवायला परका कोणी सापडत नाही.

कोकणाचं जरा थांबून सांगतो, कारण माझं मन तिथे अडकतं. राजापूर हा समाजवादी नेते नाथ पै यांचा मतदारसंघ. त्यांच्यानंतर मधु दंडवते तिथून सलग पाच वेळा निवडून आले. लोकसभेत राजापूरचा खासदार उभा राहिला की सभागृह ऐकायचं. तो मतदारसंघ २००८ला नकाशावरून पुसला गेला. रत्नागिरी आणि राजापूर मिळून रत्नागिरी-सिंधुदुर्ग हा एकच उरला. २००१ ते २०११ या दहा वर्षांत या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या तर चक्क घटली. माणसं गेली कुठे, हे मुंबई-ठाण्याच्या चाळींना आणि आता विरार-डोंबिवलीच्या इमारतींना विचारा. चाकरमान्याबरोबर त्याचं मतही वर सरकलं. शिमग्याला तो गावी येतो, खानेसुमारीला येत नाही.

आजचा नकाशा असा आहे की चिपळूणपासून दोडामार्गपर्यंत एकच खासदार. आणि दापोली-गुहागरचा माणूस राहतो रत्नागिरी जिल्ह्यात, मत देतो रायगडच्या खासदारासाठी.