मालक, मंच्युरियन बिनरंगाचं द्या

सोलापुरात संध्याकाळी कुठल्याही नगरात, पेठेत शिरा, भज्यांपेक्षा चायनीजसमोर गर्दी जास्त. आमच्या भागातल्या हॉटेलात तर रविवारी टेबलासाठी ताटकळावं लागतं. घरी कडक भाकरी आणि शेंगाचटणीशिवाय न जेवणारे आजोबा 'जरा चाखतो' म्हणत नातवाची अर्धी प्लेट संपवतात.

'हे खरं चायनीज नव्हेच' म्हणून नाकं मुरडणाऱ्यांशी मला वाद घालायचा नाही. नसेना का! मंच्युरियन मुंबईचं; १९७५ च्या सुमारास नेल्सन वांग या शेफनी ते केलं असं मानतात. आलं, लसूण, हिरवी मिरची आपलीच, फक्त गरम मसाल्याच्या जागी सोया सॉस. चीनशी सोलापूरचं खरं नातं डॉ. कोटणीसांचं. १९३८ साली ते डॉक्टर म्हणून चीनला गेले आणि १९४२ मध्ये तिथंच वारले. ट्रिपल शेजवान काही त्यांच्या वाट्याला आलं नसणार.

माझं भांडण आहे लाल रंगाशी.

कधी भट्टीजवळ उभं राहून बघा. बारीक चिरलेला कोबी, मैदा, कॉर्नफ्लॉवर, आलं-लसूण, मीठ. इथवर सगळं पांढरं-हिरवं. मग कोपऱ्यातल्या डबीतून चमच्याच्या टोकावर पूड येते आणि अख्खी परात जास्वंदीसारखी लाल! खाऊन हात धुतले तरी नखांच्या कडा गुलाबीच. मिरची असली तर तिचा रंग तेलात उतरतो, नखात असा बसत नाही.

विजापूर, गुलबर्गा आपल्याला किती लांब? त्या कर्नाटकात मार्च २०२४ मध्ये गोबी मंच्युरियनमधल्या कृत्रिम रंगांवर बंदी आली. तपासलेल्या १७१ नमुन्यांपैकी १०७ मध्ये असुरक्षित रंग सापडले होते. त्याच वेळी बुढ्ढी के बालमध्ये रोडामाइन-बी निघालं. हा कापड रंगवायचा रंग, खाण्यात त्याला अजिबात परवानगी नाही. पिढ्यान्‌पिढ्या सूत रंगवणारं आपलं सोलापूर. कुठला रंग चादरीचा आणि कुठला ताटातला, हे आपल्याला दुसऱ्यानं सांगावं?

गंमत म्हणजे हे लाल मंच्युरियन खाणारीच मंडळी काउंटरवर ठणकावून सांगतात, 'अजिनोमोटो टाकू नका हं!' अहो, त्यातलं ग्लुटामेट टोमॅटोतही असतं, आणि बेतानं खाल्लं तर बहुतेकांना काही होत नाही. त्याची एवढी धास्ती, आणि रंगाबद्दल चकार शब्द नाही.

मालकांना विचारलं तर म्हणाले, "रंग नाही टाकला की गिऱ्हाईक म्हणतं फिक्कं आहे, मसालाच नाही. प्लेट परत येते." त्यांचं खोटं नाही. डबी त्यांच्या हातात असली तरी ती उघडायला लावतो आपण. लाल दिसलं की तिखट, तिखट लागलं की झकास, हे आपणच ठरवून ठेवलंय.

लालच हवं असेल तर ब्याडगी मिरची आहे की. तिखटाला बेताची, रंगाला गडद. भिजवून वाटली की शेजवान चटणीही झक्क होते. डबीपेक्षा महाग पडते, कबूल. मग प्लेटमागं चार-पाच रुपये जास्त घ्या, कोण कुरकुरतंय? बाहेर पानाला आपण त्याहून जास्त मोजतो.

एकट्यानं सांगून मालक ऐकणार नाहीत. टेबलावरच्या सगळ्यांनी सांगितलं तर ऐकतील. शनिवारी रात्री मी जाणार आहे. कोबी मंच्युरियन ड्राय, बिनरंगाचं, चटणी जास्त. यायचं त्यानं या. बिल आपापलं.