माणशी सारखा निधी म्हणजे न्याय नव्हे

केंद्राचा पैसा राज्यांना आणि स्थानिक संस्थांना कसा वाटायचा हे सुचवणाऱ्या पंधराव्या वित्त आयोगाचा (2021-26) निधी थेट ग्रामपंचायतीच्या खात्यावर जमा झाला, म्हणजे विकेंद्रीकरण झालं असं सर्रास मानलं जातं. पैसे जमा झाले हे खरंच. पण मागास भाग वर यावा अशी त्या वाटपाची रचनाच नव्हती.

राज्याराज्यांत करांचा वाटा वाटताना आयोगाने दरडोई उत्पन्नातल्या तफावतीला 45 टक्के वजन दिलं, म्हणजे गरीब राज्याला झुकतं माप. गावपातळीवर मात्र 90 टक्के लोकसंख्या आणि 10 टक्के क्षेत्रफळ. गावाची ऐपत कुठेच नाही.

दोन हजार वस्तीची दोन गावं घ्या. एक हायवेला लागून, हद्दीत गोदामं, हॉटेलं, आरसीसी इमारती. दुसरं नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगावच्या डोंगरात, आठ पाड्यांत विखुरलेलं. अनुदान जवळपास सारखंच. पण पहिल्याचा नमुना 8, म्हणजे घरपट्टी आकारणीची नोंदवही, उघडली तर घरपट्टीची मागणीच लाखांत. दुसऱ्याकडे कुडामातीची घरं. शंभर टक्के वसुली केली तरी नळयोजनेचं वीजबिल भागत नाही. त्यात आठ पाडे म्हणजे आठ ठिकाणी पाण्याची सोय, आणि सगळीकडे चढ. क्षेत्रफळाच्या दहा टक्क्यांत हा खर्च कसा बसणार?

शिवाय 60 टक्के रक्कम बंधित, म्हणजे ठरलेल्या कामांनाच वापरायची होती, निम्मी स्वच्छतेला, निम्मी पाण्याला. उरलेल्या अबंधित 40 टक्क्यांतून पगार आणि आस्थापना खर्च करता येत नव्हता. पहिलं गाव पंप ऑपरेटरचा पगार स्वनिधीतून, म्हणजे स्वतःच्या करवसुलीतून देतं. दुसऱ्याकडे स्वनिधीच नाही, म्हणून नवीकोरी योजना वर्षभरात बंद पडते.

निधी अखर्चित का राहतो, तेही बघा. आराखडा ई-ग्रामस्वराज या सरकारी पोर्टलवर चढवायचा, अभियंत्याकडून अंदाजपत्रक, मग तांत्रिक मान्यता, काम, मोजमाप, शेवटी सरपंच आणि ग्रामसेवकाच्या डिजिटल सहीने पेमेंट. ग्रामसेवकाकडे तीन गावांचा चार्ज असेल किंवा त्याची बदली झाली, की सगळं अडकतं. आणि शिक्का बसतो गावावर, 'यांना खर्च करता येत नाही' असा. हे मला फार अन्यायाचं वाटतं.

तोड कायद्यातच आहे. संविधानाच्या कलम 243-आय प्रमाणे दर पाच वर्षांनी राज्य वित्त आयोग नेमायचा असतो आणि गावागावांतल्या वाटपाचं सूत्र तो सुचवू शकतो. ते तुटीवर बेतावं: मूलभूत सेवांचा त्या गावातला खरा खर्च, वजा ठरावीक दराने होऊ शकणारी करवसुली. प्रत्यक्ष वसुली धरू नये, नाहीतर कर न वसूल करणाऱ्यालाच बक्षीस मिळेल. आणि हिशोब गावनिहाय हवा. राज्यातला प्रादेशिक असमतोल तपासणाऱ्या दांडेकर समितीपासून आपण अनुशेष, म्हणजे मागे राहिलेला विकास, जिल्ह्यांचा मोजत आलो, त्या सरासरीत असे पाडे दिसतच नाहीत.