लिनक्सची सगळी दुखणी म्हणे एका फॉरमॅटने बरी होणार

कोल्हापुरातल्या हार्डवेअरवाल्यांच्या आणि कॉलेजच्या पोरांच्या ग्रुपवर एक मेसेज पुन्हा फिरायला लागलाय. सार असं: सॉफ्टवेअर बसवायला विंडोजला एक एक्सई फाईल पुरते, लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमला मात्र पॅकेजचे (सॉफ्टवेअर बांधून द्यायच्या फाईलचे) किती फॉरमॅट: डेब, आरपीएम, स्नॅप, फ्लॅटपॅक, ॲपइमेज. आजवर कुणी एकत्र बसलंच नाही. अहंकार सोडून एकच फॉरमॅट ठरवला की लिनक्स घराघरांत. वाचायला झकास आहे, पण एकेक मुद्दा धरला तर फार काही उरत नाही.

विंडोजचं आधी. एक्सई म्हणजे प्रोग्राम, पॅकेज नव्हे. पॅकेज म्हणाल तर तिथेही एमएसआय आहे, एमएसआयएक्स आहे, ॲप घ्यायचं स्टोअर वेगळं, कमांडने बसवणारं विनगेट वेगळं. तरी चालून जातं, कारण मायक्रोसॉफ्ट प्रोग्राम ज्यांवर टेकतात ते जुने इंटरफेस सहसा मोडत नाही आणि लागणाऱ्या लायब्ररी (प्रोग्राम वापरतात ते तयार कोडचे तुकडे) इन्स्टॉलर बहुधा सोबतच आणतो.

‘कुणी बसलंच नाही’ हे तर साफ चूक. लिनक्स स्टँडर्ड बेस नावाचं प्रमाण ठरलं होतं, 2006 मध्ये त्याला आयएसओ या आंतरराष्ट्रीय प्रमाणसंस्थेचा शिक्काही मिळाला, आणि त्यात पॅकेजसाठी आरपीएमच धरलं होतं. डेबियन या लिनक्स वितरणाने (लिनक्सच्या एका तयार संचाने) आपलं डेब सोडलं नाही, पण ‘एलियन’ हे फॉरमॅट बदलणारं साधन वापरून आरपीएम बसवायची सोय होती. तरीही त्या प्रमाणाबरहुकूम सॉफ्टवेअर फारसं कुणी दिलं नाही, आणि 2015 मध्ये डेबियनने त्याचा पाठिंबा जवळपास गुंडाळला.

अडतं कुठे, ते फाईल फोडल्यावर कळतं. डेब फाईल ‘एआर’ या साधनाने उघडा. आत तीनच वस्तू: आवृत्तीचा आकडा लिहिलेली एवढीशी फाईल, पॅकेजची माहिती असलेलं कंट्रोलचं गाठोडं आणि प्रत्यक्ष फाईली असलेलं डेटाचं गाठोडं. आरपीएमची मांडणी वेगळी, ऐवज तोच. खरी गोम कंट्रोलमधल्या ‘डिपेंड्स’ या, सॉफ्टवेअरला आणखी काय काय लागतं ते सांगणाऱ्या ओळीत आहे. ओपनएसएसएल या कूटलेखनाच्या साधनाची लायब्ररी डेबियन 12 वर ‘लिबएसएसएल3’ या नावाने मिळते, फेडोरा या दुसऱ्या वितरणावर ‘ओपनएसएसएल-लिब्स’ या नावाने. नावं जुळवली तरी नव्या जीलिबसीवर (बहुतेक प्रोग्रामना लागणाऱ्या मूळ सी लायब्ररीवर) बांधलेला प्रोग्राम जुन्या मशीनवर ‘जीलिबसी 2.34 सापडली नाही’ म्हणून हात वर करतो. अल्पाइन या वितरणावर तर जीलिबसीच नसते, तिथे मसल ही वेगळी सी लायब्ररी. डबे एकसारखे घेतले म्हणून घरोघरची भाजी एक होत नाही. फ्लॅटपॅक यावर उपाय करतं ते रनटाइम, म्हणजे लागणाऱ्या लायब्ररींचा संच, सोबत आणून. त्याची किंमत डिस्कच्या जागेत मोजावी लागते.

एक फॉरमॅट म्हणजे जास्त सुरक्षा, असंही त्या मेसेजच्या शेपटीला जोडलंय. 2024 मध्ये एक्सझेड या फाईल दाबून लहान करायच्या साधनात चोरदरवाजा सापडला. तो डेबियनच्या टेस्टिंग या चाचणीच्या आवृत्तीपर्यंत पोहोचला होता, स्थिर आवृत्तीत नाही. दोन्हीकडे फॉरमॅट डेबच. वाचवलं ते सबुरीने घेण्याच्या धोरणाने.

अहंकाराचं म्हणाल तर थोडा आहे, नाकारत नाही. स्नॅपचं स्टोअर उबुंटू हे वितरण बनवणाऱ्या एकट्या कॅनॉनिकल कंपनीच्या हातात, म्हणून लिनक्स मिंट या वितरणाने 2020 च्या आवृत्ती 20 पासून स्नॅपला दारातच अडवलं. इथे दोन्ही बाजूंना थोडं ताणायची हौस होती, असं माझं मत. पण डेबियन साधारण दोन वर्षांनी नवी आवृत्ती काढतं आणि आर्च हे वितरण रोज बदलत राहतं, यात अहंकार कसला? उद्यमनगरात सीएनसी यंत्राशेजारी चालणाऱ्या पीसीवर काहीच बदलू नये असं मालकाला वाटतं; शिवाजी विद्यापीठातल्या पोराला कालचा कंपायलर आज हवा असतो. दोघांना एकच लिनक्स कसं पुरणार?

राहिलं घराघरांत पोहोचणं. शाहूपुरीत लग्नपत्रिका करणाऱ्या डीटीपीवाल्याला विचारा काय अडतं. तो कोरलड्रॉ म्हणेल, हिशेबाला टॅली म्हणेल. डेब की आरपीएम हे त्याच्या गावीही नसतं. कोरल कंपनीने 2000 साली कोरलड्रॉ 9 लिनक्सवर आणलाही होता, पुढे ती वाट सोडली. आज कुणाला लिनक्ससाठी सॉफ्टवेअर द्यायचंच असेल तर ॲपइमेज आहे, फ्लॅटपॅक आहे. तेच पॅकेज उबुंटूवरही चालतं, फेडोरावरही. फॉरमॅट ठरायची वाट बघत कुणी अडून बसलेलं नाही.