नकार देताना माणूस हवा

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. सरकारी योजनेचा लाभ नाकारण्याचा अधिकार कृत्रिम बुद्धिमत्तेच्या हाती देऊ नये, असं मी मागच्या लेखात म्हटलं होतं. त्यावर, सरकारी खात्यात नोकरी केलेला माणूस म्हणून तुम्ही लिहिता की १९८०च्या दशकात बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी संगणकाला विरोध केला, त्यातलाच हा प्रकार आहे. तुम्ही पुढे म्हणता, यंत्र लाच मागत नाही, जात विचारत नाही. शेवटी सहीला अधिकारी असतोच. आणि एवढ्या कोटी अर्जांची तपासणी माणसांकडून करून घेणं परवडणार नाही.

बँकेचा मुद्दा मला लागू वाटत नाही. बँकेतला संगणक कारकून करायचा तीच बेरीज-वजाबाकी करत होता. व्याज चुकलंय असं वाटलं तर खातेदाराला ते कागदावर पुन्हा काढून बघता येत होतं. स्वतःहून शिकणारी प्रणाली एखाद्या अर्जाला धोक्याचा आकडा लावते, म्हणजे अर्ज किती संशयास्पद आहे याचे गुण देते. तो आकडा असा पडताळता येत नाही. पुष्कळदा तो वापरणाऱ्या खात्यालाही येत नाही.

लाच आणि जातीचा मुद्दा मात्र वजनदार आहे. निराधार पेन्शनच्या अर्जासाठी तहसील कचेरीत खेटे घालणाऱ्या बाईला अडवतात ती माणसंच. तिला यंत्र बरं वाटलं तर मी तिला दोष देणार नाही. पण यंत्र जात विचारत नाही, म्हणून ते भेद करत नाही असं होत नाही. नेदरलँड्समध्ये काय झालं ते बघा. पाळणाघराच्या खर्चासाठी पालकांना अनुदान देण्याचं काम तिथल्या करखात्याकडे होतं. संशयास्पद अर्ज वेचून काढण्यासाठी २०१३पासून स्वतःहून शिकणारी प्रणाली वापरात आली. अर्जदार डच नागरिक आहे की नाही, हे ती पाहत होती, आणि नसेल तर त्याचा धोका जास्त धरत होती. कायदाही निष्ठुर होता: कागदपत्रांत किरकोळ त्रुटी निघाली तरी वर्षभराचं अनुदान परत मागितलं जाई. हजारो पालकांवर लबाडीचा खोटा ठपका आला. हजारो युरोंच्या वसुलीने संसार मोडले, आणि या कुटुंबांमधल्या हजाराहून जास्त मुलांना आईवडिलांपासून दूर ठेवण्यात आलं. १५ जानेवारी २०२१ रोजी तेव्हाचे पंतप्रधान मार्क रुटे यांच्या सरकारने या प्रकरणावरून राजीनामा दिला. निष्ठुर कायदा माणसांनीच केला होता, हे खरं आहे. पण तो कायदा कुणाच्या दारात जाऊन उभा राहणार, ते ठरवण्यात या प्रणालीचा मोठा हात होता.

आणि सहीला तिथेही अधिकारी होता. धोक्याचा आकडा मोठा आला की अर्ज तपासणीसाठी त्याच्याकडे जाई. मात्र हा अर्ज बाजूला का काढला, हे त्याला सांगितलं जात नसे. संशय आधीच चिकटलेला, कारण ठाऊक नाही, पुढे गठ्ठा पडलेला. अशा वेळी तो काय तपासणार? या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत जास्त छळते ती ही गोष्ट. ‘अंतिम निर्णय अधिकाऱ्याचाच असेल’ हे वाक्य आपल्याकडेही दिलासा म्हणून ऐकवलं जातं. पण ज्याला कारण माहीत नाही आणि उलट निर्णय देण्याची मोकळीक नाही, त्याची सही म्हणजे नुसता शिक्का.

आपल्या शेजारच्या तेलंगणात २०१६पासून सुमारे १९ लाख शिधापत्रिका रद्द झाल्या. वेगवेगळ्या खात्यांच्या संगणकांवरची माहिती जुळवून, घरी जाऊन न पाहता. नावात नाव मिसळलं आणि गरीब कुटुंब मोटारीचं मालक ठरलं, अशी प्रकरणं पुढे बातम्यांत आली. अखेर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला प्रत्यक्ष पडताळणीचा आदेश द्यावा लागला. ज्या घरी तोवर रेशनचं धान्य आलं नाही, त्यांनी त्या काळात काय खाल्लं असेल?

लाचखोर कारकुनाला निदान नाव असतं. त्याच्या साहेबाकडे जाता येतं, लाचलुचपत प्रतिबंधक विभागाकडे तक्रार करता येते, आणि त्याचा उपद्रव त्याच्या टेबलापुरता असतो. ‘सिस्टीम घेत नाही’ असं उत्तर मिळाल्यावर भांडायचं कुणाशी? शिवाय ती चूक एकाच वेळी राज्यभर होते.

म्हणून माझं म्हणणं असं: होकार यंत्राने खुशाल द्यावा, नकार माणसाने द्यावा. पात्र असून अर्ज न केलेली माणसं यंत्राने शोधावीत, कागद पूर्ण असलेले अर्ज झटपट मंजूर करावेत. त्यात चूक झाली तर सरकारचे काही पैसे जातील. पण कुणाचं धान्य, पेन्शन किंवा अनुदान थांबवायचं असेल तर एका अधिकाऱ्याने स्वतःच्या नावाने, समजेल अशा मराठीत कारण लिहावं. ही काही माझी नवी कल्पना नाही. माहितीचा अधिकार कायदा, २००५ च्या कलम ४ नुसार प्रशासकीय निर्णयाची कारणं संबंधित व्यक्तीला सांगणं हे कार्यालयाचं कर्तव्य आहे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ तर पदनिर्देशित अधिकारी ठरवून देतो, अर्ज फेटाळल्यास लेखी कारण मागतो आणि अपिलाची वाट ठेवतो. अपील करायचं तर कारण हाती हवं. ‘गुण ८७’ या आकड्याविरुद्ध अपील कसं लिहायचं? हेगच्या न्यायालयाने ५ फेब्रुवारी २०२० रोजी डच सरकारची ‘सिरी’ (SyRI) नावाची, सरकारी लाभांतली लबाडी हुडकणारी दुसरी एक प्रणाली थांबवली. तिचं कामकाज पुरेसं पारदर्शक नाही आणि पडताळता येत नाही, हा तिथे मोठा आक्षेप होता.

आता खर्च. सगळे अर्ज माणसांनी तपासावेत असं मी म्हणत नाही, फक्त नाकारायचे तेवढे. त्यालाही पैसे लागतील, हे मान्य. पण न तपासण्याचा खर्च बघा: नेदरलँड्सने प्रत्येक बाधित पालकाला ३०,००० युरो भरपाई जाहीर केली, आणि तेलंगणातल्या कर्मचाऱ्यांना जी पडताळणी आधी करायची होती ती नंतर करावी लागली.

तुमच्या अनुभवातून एक गोष्ट जाणून घ्यायची आहे. तुमच्या खात्यात अर्ज फेटाळताना ‘कारण’ या रकान्यात प्रत्यक्षात काय लिहिलं जायचं, आणि ते वाचून अर्जदाराला पुढे काय करायचं ते कळायचं का? संगणक येण्याआधीचं आणि नंतरचं, दोन्ही आठवत असेल तर जरूर लिहा.